केलॉइड : न थांबणारा वण

त्वचेस झालेली जखम भरून येते आणि मागे वण राहतो, हे नित्याच्या अनुभवातील आहे. नवा वण तांबूस, किंचित उंच व टणक असतो. पुढे तो हळूहळू मऊ व फिकट होत जातो आणि वर्ष-दीड वर्षाने त्वचेच्या पातळीस येऊन स्थिरावतो. काही व्यक्तींच्या बाबतीत मात्र हा क्रम पुरा होत नाही. शस्त्रक्रियेचे टाके काढून महिने लोटले तरी वण जाड होतच राहतो; कान टोचल्याच्या जागी प्रथम मुगाएवढी आणि मग बोराएवढी गाठ उभी राहते; खांद्यावर लस टोचलेल्या जागी चकचकीत, ताठ उंचवटा तयार होतो. त्यास खाज सुटते, मधूनमधून टोचल्यासारखे दुखते आणि कपड्याचा स्पर्शही नकोसा होतो.

ही गाठ कर्करोगाची नसते व तिच्यापासून जिवास धोका नसतो. तथापि कानावर, हनुवटीखाली किंवा छातीच्या मध्यभागी अशी गाठ ज्यास वागवावी लागते, त्याच्या दृष्टीने ती क्षुल्लक खासच नव्हे. ती एकदाची कापून टाकावी असा आग्रह रुग्ण धरतो व तो स्वाभाविक आहे. परंतु नुसते कापून टाकणे एवढाच उपाय केला असता, निम्म्या किंवा त्याहूनही अधिक रुग्णांमध्ये गाठ परत येते आणि पुष्कळदा पहिलीपेक्षा मोठी होऊन येते. असे का घडते हे ध्यानात आल्याखेरीज या विकारावरील उपचारांचा अर्थ लागत नाही.

सोनाराचा रस्ता आणि रुग्णालय

कोलकात्यात लालबाजारकडून पूर्वेस येणारा बिपिनबिहारी गांगुली मार्ग, म्हणजेच जुना बहूबाजार रस्ता, सराफांच्या दुकानांबद्दल प्रसिद्ध आहे. तो सियालदहपाशी येऊन पोहोचतो. आणि सियालदह रेल्वे स्थानकाला लागूनच, आचार्य जगदीशचंद्र बसू मार्गावर, नीलरतन सरकार वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय उभे आहे. कानात घालावयाचा दागिना जेथे मिळतो आणि टोचलेल्या कानावरील गाठ जेथे दाखवावयाची, त्या दोन जागांमध्ये अंतर असे थोडेच आहे. या संस्थेचा आरंभ १८७३ साली सियालदह मेडिकल स्कूल या नावाने झाला. बंगाली भाषेतून वैद्यक शिकविणारे वर्ग तेव्हा येथे भरत. १८८४ मध्ये तिला कॅम्बेल मेडिकल स्कूल असे नाव मिळाले व १९५० साली, याच शाळेत शिकून गेलेल्या डॉ. नीलरतन सरकार यांचे नाव तिला देण्यात आले. या संस्थेशी निगडित असलेला एक जुना शोध केलॉइडच्या निदानाच्या दृष्टीनेही उपयोगाचा आहे. त्याचा उल्लेख पुढे येईल.

जखम कशी भरते

जखम झाल्याबरोबर प्रथम रक्त गोठते. त्यानंतरचे काही दिवस दाहाचे असतात : जागा लाल होते, सुजते आणि रक्तातील पांढऱ्या पेशी तेथे जमून जंतूंचा व मृत ऊतकांचा निचरा करतात. मग बांधकामाचा काळ सुरू होतो. तंतुजनक पेशी जखमेत शिरतात व कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचे तंतू घालू लागतात. हे काम साधारणतः तीन आठवडे जोराने चालते. शेवटचा टप्पा सर्वांत लांबीचा, म्हणजे कित्येक महिन्यांचा, असतो. घाईने घातलेले तंतू या काळात विरघळविले जातात आणि त्यांच्या जागी अधिक व्यवस्थित तंतू बसविले जातात. घालणे आणि काढणे या दोन क्रियांचा मेळ बसला म्हणजे वण सपाट होतो.

केलॉइडमध्ये हा मेळच बसत नाही. काम थांबविण्याची सूचना तंतुजनक पेशींपर्यंत जणू पोहोचतच नाही. दाह मंद स्वरूपात चालू राहतो, वाढीस चेतना देणारी द्रव्ये पाझरत राहतात आणि कोलॅजेनच्या जाड, दोरखंडासारख्या जुड्या एकीवर एक रचल्या जातात. तेव्हा केलॉइड ही न भरलेली जखम नव्हे. भरून झाल्यावरही भरतच राहिलेली जखम होय. ती कापणे म्हणजे त्याच त्वचेला, त्याच जागी, पहिलीहून मोठी अशी नवी जखम करणे. ज्या पेशींना थांबता येत नाही त्यांना त्यामुळे पुन्हा काम मिळते. कापल्यानंतर गाठ मोठी होऊन का परतते याचे उत्तर एवढेच आहे.

वण नेहमीच्या मर्यादेबाहेर वाढण्याचे दोन प्रकार आहेत व त्यांची गल्लत करू नये. पहिला अतिवृद्ध वण. तो जखमेनंतर महिना-दोन महिन्यांत जाड होतो, परंतु मूळ जखमेची सीमा ओलांडत नाही, आणि एखाद्या वर्षात अथवा त्याहून थोड्या अधिक काळात पुष्कळदा आपोआप उतरतो. भाजल्यावर किंवा सांध्यावरच्या जखमेवर येणारे बहुतेक जाड वण या जातीचे असतात. दुसरा प्रकार केलॉइडचा. तो कित्येक महिन्यांनी, क्वचित वर्षांनीही उद्भवतो, जखमेच्या कडा ओलांडून निरोगी त्वचेत पाय पसरतो आणि आपण होऊन सहसा नाहीसा होत नाही. फ्रेंच वैद्य आलिबेर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी या विकाराचे वर्णन केले, तेव्हा गाठीच्या कडांपासून निघणारे हे फाटे पाहून खेकड्याच्या नांगीसाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून त्यांनी त्यास नाव दिले. ते नाव आजही चालू आहे. मनुष्याखेरीज अन्य प्राण्यांत खरा केलॉइड होत नाही. त्यामुळे प्रयोगशाळेतील प्राण्यांवर त्याचा अभ्यास करता येत नाही, आणि इतक्या जुन्या विकाराविषयीचे ज्ञान अद्याप अपुरे राहण्याचे हेही एक कारण आहे.

कोणास होतो, कोठे होतो

गोऱ्या वर्णाच्या लोकांपेक्षा सावळ्या व काळ्या वर्णाच्या लोकांत केलॉइड पुष्कळ अधिक आढळतो. काही घराण्यांत तो पिढ्यान्‌पिढ्या चालतो. वयाच्या दहाव्यापासून तिसाव्या वर्षापर्यंत त्याचा जोर असतो. गर्भारपणी तो वाढू शकतो. लहान मुलांत आणि वृद्धांत त्याचे प्रमाण थोडे असते.

शरीराच्या सर्व भागांस तो सारखा धरत नाही. छातीचा मधला भाग, खांदा, पाठीचा वरचा भाग, जबड्याची कड आणि कानाची पाळी ही त्याची आवडती स्थाने. तळहात आणि तळपाय यांवर तो जवळजवळ कधीच होत नाही आणि पापण्यांवर क्वचितच दिसतो. छाती व खांदा येथील त्वचा प्रत्येक हालचालीबरोबर ताणली जाते आणि हा ताण पेशींना चेतवितो, हे स्पष्टीकरण बरेचसे पटणारे आहे. परंतु कानाच्या पाळीवर असा कोणताच ताण नसतो, तरीही ती या यादीत वरच्या क्रमांकावर आहे! सर्व कुलपांना लागणारी एक किल्ली अजून हाती आलेली नाही, असेच यावरून दिसते.

डाव्या दंडाच्या वरच्या भागी दिली जाणारी बी.सी.जी. लस हे भारतात केलॉइडचे एक परिचित निमित्त आहे. १९४८ साली या लसीस आपल्या देशात आरंभ झाला व १९५१ पासून तिची मोहीम सर्वत्र पसरली. तिचा लहानसा वण राहणे हे अगदी स्वाभाविक असून त्यात काळजीचे काहीच नाही. थोड्यांच्याच बाबतीत तो वाढू लागतो. या भीतीने क्षयावरील लस टाळणे मात्र सर्वथा चुकीचे होय.

कान टोचण्याचा प्रश्न अधिक विचारणीय आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील सोळावा अध्याय कर्णवेधासंबंधी आहे. त्यात बालकाचे कान सहाव्या किंवा सातव्या महिन्यात टोचावे असे सांगितले असून, पाळी उजेडात धरून जेथून प्रकाश आरपार दिसतो ती जागा निवडावी, असाही निर्देश आहे. महाराष्ट्रातही तान्ह्या मुलांचे कान टोचण्याची चाल आहे. अलीकडच्या अभ्यासाने या चालीस एक अनपेक्षित आधार मिळाला आहे. अमेरिकेत २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका लहानशा पाहणीत, अकरा वर्षांच्या आत ज्यांचे कान टोचले होते त्यांच्यापेक्षा त्यानंतर टोचलेल्यांत केलॉइडचे प्रमाण पुष्कळ अधिक आढळले. पाहणी लहान असल्याने तिजवर फार मोठा भार टाकू नये. परंतु विकाराचा जोर तारुण्यात असतो या जुन्या निरीक्षणाशी ती जुळते.

यावरून एक गोष्ट सुचते. घरात केलॉइडची प्रवृत्ती असल्यास तान्हेपणी पाळीस पाडलेल्या एका भोकापेक्षा, वयात आल्यावर हौसेने केलेल्या दुसऱ्या-तिसऱ्या भोकांचा धोका अधिक आहे. बुगडी आणि भिकबाळी ही मराठी मंडळींची खास भूषणे कानाच्या वरच्या, कूर्चेच्या भागात घातली जातात. कूर्चेला रक्ताचा पुरवठा बेताचा असल्याने तेथील जखम सावकाश भरते, जंतुसंसर्ग झाल्यास तो चिवट असतो आणि लांबलेला दाह केलॉइडला आमंत्रण देतो. सोनारानेच कान टोचावे लागतात ही म्हण अधिकारी माणसाच्या बोलण्याविषयी असली, तरी तिच्यातील सोनार कुशल होता हे खरे; पण त्याची तार निर्जंतुक केलेली असेच असे नाही. निकेलमिश्रित स्वस्त धातू, जड डूल आणि भोकाला वारंवार लागणारा धक्का ही दाह लांबविणारी आणखी कारणे होत.

गाठ केलॉइडचीच आहे काय?

येथे सियालदहच्या त्या शोधाकडे वळावयास हवे. काळा आजारावरील युरिया स्टिबामाइन या औषधाचे जनक उपेंद्रनाथ ब्रह्मचारी हे कॅम्बेल मेडिकल स्कूलमध्ये अध्यापन व संशोधन करीत असत. १९२२ साली त्यांनी काळा आजारातून बऱ्या झालेल्या काही रुग्णांच्या त्वचेवर नंतर उठणाऱ्या डागांचे व गाठींचे वर्णन केले. त्या गाठींत काळा आजाराचेच परजीवी सापडले, आणि त्वचेच्या या विकारास त्यांनी डर्मल लिश्मनॉइड असे नाव दिले. अशा गाठी चेहऱ्यावर व कानांवरही येतात. महारोगाच्या एका प्रकारात कानाच्या पाळ्या जाड व गाठाळ होतात, ही गोष्टही पूर्व भारतातील वैद्यांना सुपरिचित आहे. या दोन्ही रोगांवर प्रभावी औषधे आहेत. मात्र त्यांना केलॉइड समजून स्टेरॉइडचे इंजेक्शन दिले तर लाभ होण्याऐवजी खरा रोग झाकला जाऊन बळावण्याची भीती असते.

केलॉइडला बहुधा जखमेचा इतिहास असतो, तो खाजतो व दुखतो, आणि तो जेथे जखम झाली तेथेच असतो. जखमेवाचून दोन्ही कानांवर आणि चेहऱ्यावर सारख्या उठलेल्या गाठी, स्पर्शज्ञान हरपलेला चट्टा, फुटून वाहणारी किंवा झपाट्याने वाढणारी गाठ, यांपैकी काहीही आढळल्यास निदान पुन्हा तपासून घ्यावे. छातीवरील मुरुमाच्या न आठवणाऱ्या जखमेतूनही केलॉइड उगवतो, एवढा अपवाद मात्र ध्यानी ठेवावा.

उपचार

केलॉइडच्या सर्व उपचारांचा हेतू एकच आहे : तंतुजनक पेशींना थांबविणे. गाठ लहान करणे हे त्यामागून येते.

त्यांतील सर्वांत रूढ उपाय म्हणजे गाठीतच दिले जाणारे ट्रायमसिनोलोन या स्टेरॉइडचे इंजेक्शन. १९६० च्या दशकापासून ते वापरात आहे. एका मिलिलिटरमध्ये १० ते ४० मिलिग्रॅम या तीव्रतेचे औषध साधारण चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने दिले जाते. ते दाह शमविते आणि कोलॅजेनची निर्मिती मंदावते. पहिल्या खेपांना गाठ इतकी टणक असते की सुईतून औषध आत शिरता शिरत नाही आणि वेदना बऱ्याच होतात. त्यासाठी बधिर करणारे औषध सोबत देतात, किंवा द्रवरूप नायट्रोजनने गाठ आधी गोठवितात. गोठविल्याने ती मऊ होते आणि काही अंशी आक्रसतेही. खाज बहुधा प्रथम थांबते, उंची नंतर उतरते. औषध गाठीच्या बाहेर गेल्यास भोवतालची त्वचा पातळ होऊन खड्डा पडतो आणि जागा पांढुरकी दिसू लागते. गोठविण्यानेही रंग जातो, व सावळ्या त्वचेवर तो डाग गाठीइतकाच खुपतो. मधुमेहाच्या रुग्णांनी रक्तातील साखरेवर लक्ष ठेवावे, आणि स्त्रियांना मासिक पाळी काही काळ अनियमित होऊ शकते हे आधी सांगितलेले बरे. इंजेक्शनास दाद न देणाऱ्या गाठींत ५-फ्लुओरोयुरॅसिल हे पेशींची वाढ रोखणारे औषध स्टेरॉइडसह देतात. गर्भवती स्त्रियांना मात्र ते देत नाहीत.

सिलिकोनची पातळ, चिकट पट्टी १९८० च्या दशकात प्रचारात आली. ती दिवसाचे निदान बारा तास, याप्रमाणे तीन महिने किंवा अधिक काळ लावावी लागते. ती पेशींवर प्रत्यक्ष काय करते याविषयी मतभेद आहेत. वणातील ओलावा टिकून राहिल्याने त्वचेकडून येणारी चेतना कमी होते, हे मत अधिक मान्य आहे. नव्या वणावर, उंचवटा येण्यापूर्वीच लावल्यास तिचा लाभ विशेष. जुन्या, मोठ्या केलॉइडवर एकट्या पट्टीकडून फारशी अपेक्षा करू नये. कोलकात्याच्या किंवा कोकणच्या दमट हवेत ती घामाने सुटते आणि तिच्याखाली पुरळ येते. तेव्हा ती रोज धुऊन, त्वचा कोरडी करून लावावी किंवा नळीतून मिळणारे सिलिकोनचे जेल वापरावे.

दाबाचा उपचार कानाच्या पाळीस उत्तम लागू पडतो. गाठ काढल्यानंतर पाळी दोन बाजूंनी हलकेच दाबून धरणारा चिमटा रोज बारा तासांहून अधिक काळ आणि सहा महिने ते वर्षभर वापरावा लागतो. दाब इतकाच असावा की पाळी पांढरी पडू नये किंवा दुखू नये. कवळीसाठी वापरतात त्याच अॅक्रिलिकपासून दंतवैद्य कानाचा ठसा घेऊन असा चिमटा बनवू शकतात. डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी १९२० साली स्थापन केलेले दंत महाविद्यालय आज सियालदहच्या याच रस्त्यावर आहे. दातांच्या विद्येचा कानाला उपयोग व्हावा, ही गोष्ट नवख्या माणसास गमतीची वाटेल.

शस्त्रक्रिया त्याज्य आहे असा या विवेचनाचा अर्थ नाही. देठ असलेली, पाळीवर लोंबणारी मोठी गाठ इंजेक्शनांनी विरघळत नाही. ती काढावीच लागते. परंतु ती काढण्याच्या आधीच पुढचा उपचार ठरलेला असला पाहिजे. काही शल्यचिकित्सक गाठीवरील कातडे सोलून राखतात, आतील तंतूंचा गर तेवढा काढतात आणि तेच कातडे पुन्हा बसवितात. यामुळे टाक्यांवर ताण येत नाही. त्यानंतर इंजेक्शने किंवा दाब चालू होतो. वारंवार परतणाऱ्या गाठींत, शस्त्रक्रियेनंतर पहिल्या एक-दोन दिवसांतच किरणोपचार सुरू करतात. क्ष-किरणांचा हा उपयोग विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापासून ठाऊक आहे आणि परिणामाच्या दृष्टीने तो प्रबळ आहे. तथापि किरणांमुळे पुढे कर्करोग उद्भवण्याची शक्यता, अल्प का होईना, असल्याने मुलांमध्ये आणि गलग्रंथी व स्तन यांच्या जवळच्या भागी तो सहसा टाळतात.

बाजारात वण घालविणारी मलमे पुष्कळ मिळतात. कांद्याच्या अर्काच्या मलमांचा पुरावा दुबळा आहे. ई-जीवनसत्त्वाचे तेल चोळल्याने लाभ सिद्ध झालेला नाही, उलट काहींना त्याने त्वचेचा दाह होतो. चुना किंवा तेजाब लावून गाठ जाळणे आणि दोरा बांधून ती गळून पाडणे हे प्रकार नव्या जखमा करणारे असल्याने घातकच होत.

शस्त्रक्रियेपूर्वी सांगावयाचे

ज्यास पूर्वी केलॉइड झाला आहे किंवा ज्याच्या आईवडिलांस वा भावंडांस तो आहे, त्याने कोणत्याही शस्त्रक्रियेपूर्वी ही गोष्ट शल्यचिकित्सकास आपण होऊन सांगावी. ज्या शस्त्रक्रियांची निवड आपल्या हाती असते, जसे हौसेने टोचणे, गोंदणे किंवा छातीवरील निरुपद्रवी तीळ काढणे, त्या अशा व्यक्तींनी टाळणेच इष्ट. हृदयाची किंवा प्रसूतीची शस्त्रक्रिया टाळता येत नाही. परंतु छेद त्वचेच्या नैसर्गिक रेषांना धरून घेणे, आतील थरांचे टाके भक्कम घालून वरच्या त्वचेवरील ताण काढून घेणे आणि जखम भरताच सिलिकोन सुरू करणे ही काळजी आगाऊ घेता येते.

उपचार फसण्याचे सर्वांत साधे कारण मात्र औषधात नसते. वनगाव, राणाघाट, कॅनिंग अशा दूरच्या गावांहून लोकल गाडीने सियालदहला येणाऱ्या माणसाला प्रत्येक खेपेस एक दिवसाची मजुरी बुडवावी लागते. दोन-तीन इंजेक्शनांनी खाज थांबली, गाठ निम्मी उतरली, म्हणजे पुढची खेप टळते. आणि वर्षाने तो परत येतो तेव्हा गाठ पूर्ववत झालेली असते. वण सपाट झाल्यानंतरही निदान दोन वर्षे अधूनमधून तपासणी व्हावी, असे म्हणतात ते यासाठी. या काळात त्या जागी पुन्हा खाज सुटू लागली, तर उंचवटा दिसण्याची वाट न पाहता लगेच यावे, असे रुग्णास पहिल्याच दिवशी, त्याच्या भाषेत सांगून ठेवलेले असावे. त्या वेळी औषधाचे काही थेंबच पुरतात.